काचेच्या छपराखालचा बैल

परदेशातून परतलेल्या माणसाला नागपुरात पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावतात, दुसऱ्या आठवड्यात भाषणाला बोलावतात आणि तिसऱ्या आठवड्यात तो दिसला की रस्ता बदलतात. कारण तोवर तो कुठल्याही विषयावर "तिकडे काय असतं" अशी सुरुवात करायला लागलेला असतो. माझ्या बाबतीत गल्ली एक आठवडा पुढे गेली. चौथ्या आठवड्यात तिने माझा बडग्या काढला.

बडग्याचा मान सहसा मोठ्या लोकांना मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतींची, म्हणजे गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या स्त्री-पुतळ्यांची, मिरवणूक निघते, तिच्या मागोमाग हे बांबू-कागदाचे पुतळे असतात. वर्षभरात ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, गावभर फिरवून त्याला यथेच्छ बोलायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. मंत्री, महागाई, साठेबाज व्यापारी, अशी ती यादी. तिच्यात कापड गिरणीतला एक सुपरवायझर कसा शिरला, ते सांगतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमच्या गिरणीने इटलीहून बिनधोट्याचे, म्हणजे शटल नसलेले, नवे माग मागवले होते. ते शिकून यायला विव्हिंग खात्यातून एक माणूस सहा आठवडे मिलानजवळच्या कारखान्यात पाठवायचा ठरला. जाणार होते आमचे साहेब. त्यांनी सगळी तयारी केली आणि ऐन वेळी त्यांची मूळव्याध उठली. मग माझं नाव निघालं. साहेबांच्या मूळव्याधीचा भाग मी भाषणात कधी सांगितला नाही. भाषणात मी "माझी निवड झाली" असं म्हणत असे.

बर्डीवरच्या एका शिंप्याकडून मी लोकरीचा कोट शिवून घेतला. जायचं होतं जूनमध्ये. तिथेही उन्हाळाच असतो हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही, कारण विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे समोरच्याला कळतं. या एका धास्तीपायी मी आयुष्यात बराच घाम गाळला आहे.

माझे वडील सुतार होते. इतवारीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. वर्षभर दारं, खिडक्या, पाट. पण श्रावण लागला की ते सगळं भिंतीला टेकवून ठेवायचं आणि फक्त लाकडी बैल करायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, गल्लीतली लहान मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, आणि घरं त्यांना बोजारा देतात, खाऊ नाहीतर एखादं नाणं. आमच्या गल्लीत मूल चालायला लागलं की त्याचा पहिला बैल वडिलांच्या हातचा असायचा. तिथे त्यांचा शब्द चालायचा तो या बैलांमुळे. घरात नियम एकच होता. अर्धा कोरलेला बैल जमिनीवर असला तरी तो ओलांडायचा नाही, आणि चुकून पाय लागला तर हात लावून तो हात कपाळाला लावायचा.

वडिलांना ऐकीव गोष्टींचा कंटाळा होता. ते लाकूड मापून आणि सांधा बोटाने चाचपूनच बोलत. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं की मिलानमध्ये शंभर वर्षांपूर्वीचा एक बाजार आहे आणि त्याला अख्खं काचेचं छप्पर आहे. साहेबांनी मला ते चित्रात दाखवलं होतं. वडिलांनी रंधा थांबवला.

"काच कायच्यात बसवली?" त्यांनी विचारलं. "अन् पाणी कुठून गळते? पाहून येजो."

मी हो म्हणालो.

त्या कारखान्यात मला शिकवायला एक इटालियन मिस्त्री होता. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना म्हणून मी त्याला मिस्त्रीच म्हणे, आणि तो नावाने हाक मारल्यासारखा ओ देई. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन येत नव्हतं, आणि इंग्रजी मला येतं असा गिरणीचा समज होता. आमचं सगळं बोलणं हातांनी आणि मागाच्या सुट्या भागांनी व्हायचं. धागा तुटला की आम्ही दोघं आपापल्या भाषेत एकच गोष्ट म्हणायचो, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

चौथ्या रविवारी तो मला तो बाजार दाखवायला घेऊन गेला. मी कोट घातला होता. ऊन चांगलंच होतं, पण फोटो निघणार होते.

तिथलं मोठं चर्च ओलांडलं की शेजारीच एक कमान लागते. ती एवढी उंच आहे की मी आधी तिला सरकारी कचेरी समजलो आणि सवयीने मागचं दार शोधू लागलो. मिस्त्रीने दंडाला धरून आत ओढलं. आत गेलो तर एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चार-चार मजल्यांच्या नक्षीदार इमारती, आणि वर आभाळाच्या ऐवजी काच. लोखंडाच्या फासळ्या आणि त्यांच्यामध्ये काच, पार दुसऱ्या टोकापर्यंत. मधोमध असे दोन रस्ते एकमेकांना छेदतात आणि तिथे काचेचा घुमट आहे. खालून पाहताना माझी टोपी पडली. मिस्त्रीने ती उचलून दिली. कोटावर टोपी घालणारा मी तिथे एकटाच होतो.

खरं सांगायचं तर मला पहिला विचार आला तो उन्हाचा. असं छप्पर इतवारीत मे महिन्यात घातलं तर दुपारी दोनपर्यंत दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही पापडासारखे भाजून निघतील, आणि तरी दोघं भावावरून हुज्जत घालत राहतील. इथे मात्र उजेड गाळून घेतल्यासारखा खाली येत होता आणि त्यात बायका छत्री न उघडता चालत होत्या. दुकानांच्या पाट्या सगळ्या काळ्या आणि अक्षरं सोनेरी. पाटीवर दुकानदाराचा फोटो नाही, देवाचा नाही. "आमची दुसरी शाखा नाही" असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी लोक बिनधास्त आत जात होते.

एका दुकानात हातमोजेच हातमोजे. मी काचेबाहेर उभा राहून ते पाहिले तसा आतला माणूस वाकून हसला. इतवारीत एवढ्या आदराने कोणी हसलं की आपण काही न घेता निघू शकत नाही. मी घाबरून पुढच्या दुकानाकडे सरकलो. तिथेही एक जण हसला. असा हसण्यांपासून पळत पळत मी त्या बाजाराच्या मध्यावर पोचलो, घुमटाखाली.

तिथे गर्दी होती. लोक गोल करून उभे होते, एकेक जण पुढे येऊन स्वतःभोवती गरागरा फिरत होता आणि बाकीचे टाळ्या पिटत होते. मला वाटलं, डोंबाऱ्याचा खेळ असावा. मिस्त्रीने मला गर्दीतून आत घातलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

जमिनीवर रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांचं चित्र होतं. निळ्या ढालीवर एक पांढरट बैल, मागच्या पायांवर उभा, शेपटी उडवलेली. आणि बैलाच्या मागच्या पायांमध्ये, नेमकं जिथे बैलपण असतं तिथे, खड्डा पडला होता. रीत अशी की उजवी टाच त्या खड्ड्यात रोवायची आणि स्वतःभोवती तीन फेऱ्या मारायच्या. नशीब उघडतं म्हणे. शेकडो टाचांनी तो भाग झिजून नाहीसा झाला होता. आमच्याकडेही बैल खच्ची करतात, पण ते काम शेतकरी एकदाच आणि मान वळवून करतो. इथे अख्खं शहर रविवारचे कपडे घालून ते रोज करत होतं.

मिस्त्री स्वतः गेला, फिरला, हसत परत आला. मग त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला हाताने खूण केली. जा.

मी गेलो. नव्या बुटाची टाच त्या खड्ड्यावर नेली. आणि पाय थांबला. मी थांबवला असं म्हणवत नाही. पाय आपला आपण थांबला. टाच आणि बैल यांच्यात बोटभर जागा राहिली आणि पुढे तो पाय काही केल्या जाईना. चौतीस वर्षांचा माणूस, गिरणीच्या खर्चाने आलेला, आणि लहानपणी पुढच्या खोलीतून धावताना बैलाला पाय लागला की जसा जागीच थांबायचा तसाच थांबलेला. गर्दी टाळ्या वाजवत होती. मी तसाच एका पायावर, बगळ्यासारखा उभा राहून हसलो. फोटो निघाला. मिस्त्रीला वाटलं माझा बूट चावतो आहे. तो कॅमेऱ्यातला रोल पुढे सरकवत होता तेवढ्यात मी वाकलो, नाडी बांधल्यासारखं केलं, दोन बोटं बैलाला लावली आणि पटकन कपाळाला लावली. कोणी पाहिलं नाही. एका लहान मुलीने पाहिलं, पण ती जपानी होती.

त्या नादात छप्पर नीट पाहायचं राहिलं ते राहिलंच.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी परत आलो. वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, काच कायच्यात बसवली. मी म्हणालो, लोखंडात. लोखंडात कशी, सांध्यात काय भरलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बारकाईनं पाहायला वेळ नव्हता.

"मंग काय पाहून राहिला होता गा सहा हप्ते?" ते म्हणाले आणि रंधा चालवू लागले. श्रावण लागलेला होता. फळीवर बैल मांडलेले होते, काही रंगवलेले, काही नुसत्या लाकडाचे.

मग भाषण आलं. आमच्या भागातल्या वाचनालयाचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी बाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "इटलीतील काचमहाल: प्रत्यक्षदर्शीचे कथन". एका कॉलेजातून त्यांनी एपिडायस्कोप मागून आणला. हे यंत्र कागदावरचा फोटो भिंतीएवढा करून दाखवतं आणि त्या बदल्यात फोटो भाजून काढतं. मिस्त्रीने दिलेले सहा फोटो मी घेऊन गेलो. वाचनालय गच्च भरलं होतं. वडील शेवटच्या बाकावर होते, बायको बायकांच्या बाजूला.

मी बोलायला उभा राहिलो आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. शिस्त, स्वच्छता, वक्तशीरपणा. ज्या देशात माझी गाडी तीनदा उशिरा आली त्या देशाच्या वक्तशीरपणावर मी दहा मिनिटं बोललो. पाट्यांवर बोललो. हातमोज्यांच्या दुकानदाराला मी इतका मोठा केला की शेवटी तो माझा स्नेही झाला. आणि मग म्हणालो, "मंडळी, त्या समाजाचं वैशिष्ट्य सांगायचं तर एकच. तिथे आपल्यासारखी अंधश्रद्धा नाही." आणि फोटो लावायची खूण केली.

भिंतीवर लावलेल्या चादरीवर बैल उमटला, भिंतीएवढा. त्याच्या नको त्या जागेवर माझा बूट. वर मी, कोटात, दात काढून हसणारा.

मी समजावून सांगितलं. टाच, तीन फेऱ्या, नशीब. पुढच्या रांगेत कोपऱ्यावरचा पानठेलेवाला बसला होता. तो दरवर्षी आमच्या गल्लीच्या बडग्याचा कारभारी असे.

"अंधश्रद्धा नाई म्हणता भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "तं मंग नशिबासाठी फेऱ्या काहून मारते लोकं?"

उत्तर येत नसलं की मी आवाज वाढवतो. म्हटलं, तिकडे हे सगळं गमतीने चालतं, आपल्यासारखं कवटाळून बसत नाहीत.

"अन् तुमी? तुमी मारल्या का?"

त्या क्षणी खरं बोलायला काही लागत नव्हतं. पण खरं बोललो असतो तर सहा आठवडे, कोट, एपिडायस्कोप, सगळं त्या बोटभर जागेतून खाली पडलं असतं आणि सगळ्यांना दिसला असता तो बैलाला पाय लागला म्हणून कपाळ शिवणारा सुताराचा पोरगा.

"मारल्या की," मी म्हणालो. "तीन. चांगली टाच रोवून."

टाळ्या झाल्या नाहीत. एका म्हातारीने चादरीवरच्या बैलाकडे पाहून हात जोडले. आभारप्रदर्शन सचिवांनी एका वाक्यात उरकलं. वडील त्याआधीच उठून गेले होते. पोळा आठ दिवसांवर होता.

त्या आठ दिवसांत आमच्या फळीवरचा एकही बैल हलला नाही. दरवर्षी या दिवसांत पुढच्या खोलीत उभं राहायला जागा नसे. या वर्षी बाया दारावरून जाताना मुलांना बोट धरून दुसऱ्या बाजूला घेत. एक आजोबा नातवासाठी सांगितलेला बैल घ्यायला आलेच नाहीत, आणि वडिलांनी तो त्यांच्या नावाने बाजूला ठेवलेला तसाच ठेवला. ते पहाटे उठून पुढचा बैल कोरायला घेत. कोणी न्यायचं नसलेल्या बैलाच्या पायात ते चाकं बसवत होते आणि ते पाहून मला जेवण जात नव्हतं. मला स्वतःचं काही वाटत नव्हतं असं नाही, पण खरी लाज त्या फळीची वाटत होती.

"सांगून टाका ना खरं काय ते," बायको म्हणाली. तिला मी आल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं.

शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी पानठेलेवाला आमच्याकडे आला. बडग्याचा सांगाडा दरवर्षी वडीलच करून देत. तो दारात उभा राहून चप्पल चाचपत राहिला आणि वडिलांना म्हणाला, "मिस्त्री, यंदा कसं सांगू तुमाले. यंदाचा बडग्या तुमच्या घरचाच हाय."

मी आतून बाहेर आलो आणि सगळं सांगून टाकलं. टाच टेकवली नव्हती, फेऱ्या मारल्या नव्हत्या, उलट हात लावून कपाळाला लावला. वडील खाली मान घालून शिंगं घासत होते.

पानठेलेवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊ," तो म्हणाला, "सगळ्या वाचनालयासमोर सांगतलं ते खरं होतं, अन् आता बडग्या निघून राहिला तं ते खोटं झालं? आमी काय इटलीचे हावो?"

वडिलांनी शिंगांवरचा भुसा फुंकला.

"परवा सकाळी घेऊन जाजा," ते त्याला म्हणाले. "करून ठेवतो."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोकडून तो फोटो मागून घेतला. एपिडायस्कोपने त्याचा एक कोपरा तपकिरी केला होता. घड्याळजीकडून भिंग आणलं आणि खिडकीशी बसून तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, पुतळ्याचा चेहरा बरोबर यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी, पोळ्याला, दिवसभर दार लोटून ते काम करत होते. दुपारी त्यांनी माझा कोट मागितला. मी बायकोकडे पाहिलं.

"असाही नागपुरात कधी घालणार होते तुम्ही?" ती म्हणाली आणि कोट देऊन आली.

मारबतीच्या दिवशी मी घराबाहेर पडणार नव्हतो. पण आपला पुतळा घरापुढून जातो आहे आणि आपण माजघरात बसलो आहोत हे सहन होत नाही. मी ओसरीवर आलो. ढोल वाजत होते, "घेऊन जा गे मारबत" चाललं होतं, आणि गर्दीच्या डोक्यांवरून मी येत होतो. कोट होता, टोपी होती, दात काढलेले होते. डोक्यावर बांबूच्या फासळ्यांना पारदर्शक कागद लावून केलेला घुमट. त्या फासळ्यांचे सांधे वडिलांनी इतके नेटके बसवले होते की मिलानचा बाजार मला पहिल्यांदा नीट कळला. पायाखाली निळी फळी आणि फळीवर बैल, नुसता रंगवलेला नव्हता, फळीतच कोरून उठवलेला. बाजूला दोरी. दोरी ओढली की पुतळा गरकन फिरायचा आणि लोक हसून लोळायचे. पानठेलेवाला स्वतः दोरीवर होता.

गाडी दारासमोर थांबली तेव्हा तो पाय माझ्या डोळ्यांच्या समोर आला. पुतळा सगळा डाव्या पायाच्या खुंटीवर फिरत होता. उजवा पाय बैलावर आलेला होता, टाच खाली केलेली होती, आणि टाच आणि बैल यांच्यात बोटभर जागा होती. पुतळा फिरला, टाच बैलावरून गेली, बैलाला लागली नाही. पुन्हा फिरला. पुन्हा लागली नाही. त्या सगळ्या गर्दीत ते कोणाला दिसलं नाही, कारण बघायचं काय ते त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

गाडी पुढे गेली. ती वळणाआड जाईपर्यंत मी ओसरीचा खांब धरून उभा राहिलो, आणि शेजारच्याला वाटलं अपमानाने. त्याने माझी समजूतही काढली.

तिसऱ्या प्रहरापर्यंत आमची पुढची खोली बायामुलांनी भरून गेली. ज्या बापाने स्वतःच्या पोराचा बडग्या करून दिला त्याच्या बैलाला काय दोष, असं बोलणं चाललं होतं. आजोबा आले आणि बाजूला ठेवलेला बैल घेऊन गेले. तान्हा पोळा भरायच्या आत फळी रिकामी झाली. गावाबाहेर जाळण्याआधी पानठेलेवाल्याने निळी फळी सुटी करून आणून दिली होती, बैल जाळत नाहीत म्हणून. वडील ती मांडीवर घेऊन पुसत बसले होते.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. काय विचारायचं ते ठरवून आलो होतो, पण तोंडातून निघालं एवढंच की, पुतळ्याची टाच टेकवली का नाही.

त्यांनी मान वर केली नाही.

"फोटोत जसं होतं तसं केलं गा," ते म्हणाले. "मी आपल्या मनचं काई जोडत नाई."